सुस्ती की सुस्तु?

आम्हां सीमाभागातल्या मुलांच्या कानांवर दोन भाषा पडतात, आणि मग कधी कधी एकाच शब्दापाशी पाऊल अडते. मराठीत ‘सुस्ती’ म्हणजे आळस. कन्नडात ‘सुस्तु’ म्हणजे थकवा. एक ऐकून लोक नाक मुरडतात, दुसरा ऐकून बसायला पाट देतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात निपाणीत माझ्या आईला व धाकट्या मावशीला एकाच आठवड्यात कोरोना झाला. घर एक, चूल एक, औषधेही तीच. आई पंधरवड्यात उठून कामाला लागली. मावशी मात्र दिवाळीपर्यंत सावरली नाही. चार पायऱ्या चढली की धाप लागे. दिवसाला आठशे-हजार विड्या वळणारी ती, तीनशेवरच थांबू लागली. विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की पैसा थांबला. शेजारी म्हणत, “थोरली बघा कशी राबते! हिला सुस्ती चढलीय.”

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यक माझा विषय नव्हे. पण सख्ख्या बहिणींत हा फरक का, हा प्रश्न काही सुटेना. वाचता वाचता कळले की, आईबापांकडून येणाऱ्या जनुकीय वारशाचा सरासरी निम्माच भाग सख्ख्या भावंडांत समान असतो. २०२५ मध्ये सोळा देशांतील माहितीवर आधारलेले एक संशोधन प्रसिद्ध झाले. कोरोनानंतर दीर्घकाळ त्रास सोसणाऱ्या ६,४५० जणांची जनुके दहा लाखांहून अधिक लोकांशी ताडून पाहिली गेली. सहाव्या गुणसूत्रावर, ‘फॉक्स-पी-फोर’ या जनुकाजवळ, एक फरक आढळला. या जनुकाचा फुप्फुसांच्या कार्याशी संबंध आहे.

मात्र हिशेब नीट मांडला पाहिजे. या फरकाने धोका सुमारे दीडपट होतो. समजा, इतरांत शंभरातील दहांना त्रास रेंगाळला, तर हा फरक असलेल्यांत सुमारे पंधरांना रेंगाळेल. उरलेले पंच्याऐंशी बरे होतील. म्हणजे जनुक ही खातेवहीतली एक नोंद झाली, अख्खा ताळेबंद नव्हे. आजाराची तीव्रता, लसीकरण, स्त्री-पुरुष भेद याही नोंदी त्यात आहेत. म्हणून “नशिबातच होते” असेही म्हणता येत नाही.

आपल्या भागाला हे नवे नाही. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत कर्नाटकात साडेसात लाखांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात उतरला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. तेव्हाही एकाच घरात एक चालू लागला, तर दुसरा भिंत धरून उभा राहिला.

मावशीची जनुके कोणी तपासली नाहीत. तिच्या थकव्याचे कारण फॉक्स-पी-फोर होते की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. पण दोन शरीरांचा जमाखर्च सारखा नसतो, एवढे शास्त्राने निश्चित दाखवले आहे. तेव्हा आजारातून उठलेला माणूस “अजून जमत नाही” म्हणाला, तर त्याच्याकडे पुरावा मागण्याआधी त्याच्यासमोरचे सूप थोडे आपल्याकडे ओढून घ्यावे. आमच्या घरी आईने तेच केले. स्वतःचा हजार पुरा झाल्यावर ती मावशीच्या वाट्याच्या दोनशे विड्या वळत असे.