बळाचें माप

मनुष्याच्या अंगीं बळ किती आहे याची चौकशी जग फार करतें. तें किती वापरावें हें त्याला कळतें कीं नाहीं, याची चौकशी क्वचितच होते. आखाड्यांतला मल्ल पांचशें जोर काढतो म्हणून आपण माना डोलावतों. पण स्वयंपाकघरांत पोळी लाटणाऱ्या गृहिणीच्या मनगटाकडे कोणाचें लक्ष जातें? कणीक सैल असेल तर लाटणें हलकें पडतें, घट्ट असेल तर भार वाढतो, आणि कडेला येतांच तो आपोआप उतरतो. पुरणाची पोळी असली तर मग विचारूंच नका! पुरण फुटूं न देतां पोळी पातळ करणें हें निव्वळ बळाचें काम नव्हे. तळव्याला प्रत्येक क्षणीं खालून खबर येत असते, आणि त्या खबरेप्रमाणें मनगट आपला भार बदलीत असतें.

ही परतीची खबर, जिला इंजिनियर लोक 'फीडबॅक' म्हणतात, विजेच्या मोटरला जन्मतः नसते. मोटर मोठी आज्ञाधारक, परंतु बहिरी. वीज मिळाली कीं फिरावें, एवढेंच तिला ठाऊक. आपल्या पकडींत लोखंडाचा गज आहे कीं पिकलेलें केळें आहे, हें तिला कोणीं तरी सांगावें लागतें. वेगाची खबर देण्याची युक्ति जुनी आहे. जेम्स वॅटनें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला; वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफ कमी होई. पण वेग निदान डोळ्यांना दिसतो. बळ दिसत नाहीं. तें मोजावें कसें?

भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून हा प्रश्न मीं अनेक वर्षें फळ्यावर सोडवून दाखविला आहे. दोन वर्षांपूर्वीं तो माझ्या घरीं चालत आला. माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. एका अपघातांत त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता, आणि त्या जागीं विजेचा हात आला होता. कोपराखालच्या स्नायूंत उमटणारे सूक्ष्म विद्युत्-संदेश कातडीवरूनच टिपले जातात, आणि त्यांच्या हुकुमानें आंतली मोटर बोटें मिटते व उघडते. त्यानें चहाचा पेला उचलून दाखविला. बोलतांना त्याची नजर माझ्याकडे होती. पेला उचलतांना मात्र ती पेल्यावरून ढळेना.

"सर, हा हात माझें सगळें ऐकतो, पण मला कांहींच सांगत नाहीं," तो म्हणाला. "डोळ्यांनीं पाहावें लागतें, मोटरच्या आवाजाकडे कान ठेवावा लागतो."

त्याची चार वर्षांची मुलगी बरोबर होती. निघतांना ती वळसा घेऊन त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि तिनें त्याचें बोट धरलें. उजव्या बाजूला जावयाचें नाहीं हें तिला कोणीं शिकविलें होतें, कीं तिचें तिलाच कळलें होतें, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

बळ मोजण्याची सोपी वाट म्हणजे मोटरला लागणारा प्रवाह मोजणें. मोटर जितका पीळ देते, त्या प्रमाणांत ती प्रवाह घेते. तेव्हां प्रवाहावरून जोराचा अंदाज बांधतां येतो. पण मोटर आणि बोट यांच्या मध्यें दंतचक्रें असतात, आणि घर्षण हें एखाद्या मध्यस्थाप्रमाणें आपली दस्तुरी कापून घेतें. बोटाच्या टोकावर आलेल्या हलक्या दाबाची वार्ता मोटरपर्यंत पोंचतच नाहीं. घरखर्चाचा हिशेब केवळ तिजोरीकडे पाहून लागत नाहीं; पैसा जिथें खर्च होतो तिथें जावें लागतें. त्याचप्रमाणें बळाचें माप बोटाशींच बसवावें लागतें.

आणि तिथें एक गंमत आहे. बळ मोजावयाचें तर कोणीं तरी थोडें वांकावें लागतें. स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती लांबते, हें रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं सांगितलें. धातूची तार ताणली असतां तिचा विद्युत्-रोध बदलतो, हें पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विल्यम टॉमसननें १८५६ सालीं दाखविलें. १९३८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनीं, स्वतंत्रपणें, बारीक तार वस्तूलाच चिकटवून टाकण्याची युक्ति काढली. वस्तु ताणली कीं तिच्याबरोबर तारही ताणली जाते. हेंच 'स्ट्रेन गेज'. वाण्याच्या दुकानांतल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटांत आज त्याचेंच वंशज बसलेले असतात. तुरीची डाळ ठेवली कीं आंतली धातूची पट्टी वांकते. भरपूर भार असतांही तिचा पृष्ठभाग हजारांत सुमारें एक भाग ताणला जातो, आणि रोध हजारांत सुमारें दोन भाग बदलतो. एवढीशी कुजबुज ऐकण्याकरितां व्हीटस्टन ब्रिज लागतो. तोच, जो आमचे विद्यार्थी प्रयोगशाळेंत जांभया देत जुळवितात.

खबर आली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. उशिरां आलेल्या खबरेवर उतावीळपणें वागलें कीं यंत्राचा हात आधीं फार दाबतो, मग फार सोडतो, पुन्हां दाबतो, आणि पेला थरथरूं लागतो. असलीं आंदोलनें केव्हां शमतात आणि केव्हां वाढत जातात, याचें गणित मॅक्सवेलनें गव्हर्नरांवरील आपल्या १८६८ सालच्या निबंधांत मांडलें. परीक्षेचे निकाल लागल्यावर घरोघरीं लाड आणि धाक यांचीं जीं आंदोलनें चालतात, तीं मला या गणिताच्या बाहेरचीं वाटत नाहींत.

आतां बोटांत मापें बसविलेले हात निघाले आहेत. वस्तु निसटूं लागली कीं आपण होऊन पकड घट्ट करणारेही आहेत. परंतु ती खबर मोटरला मिळते, माणसाला नव्हे. ती माणसापर्यंत नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. कोणी ती कातडीवर कंपनाच्या रूपानें देतात, कोणी शिल्लक राहिलेल्या मज्जातंतूंना सूक्ष्म वीज देऊन. माझ्या विद्यार्थ्याला हवी आहे ती ही खबर. पेला फुटूं नये ही सोय झाली. मुलीचें बोट आपण किती हलकें धरलें आहे हें आपल्याला कळावें, ही निराळी गोष्ट.

मापाची पट्टी कोणत्या धातूची करावी याचा कारागीर फार विचार करतो. ती अगदींच ताठ असेल तर वांकणार नाहीं, आणि तिला कांहीं कळणारही नाहीं. ती फार मऊ असेल तर एकदां वांकलेली पुन्हां सरळ होणार नाहीं, आणि पुढें ती जें सांगेल तें खोटें असेल. भाराखाली केसभर वांकावें आणि भार उतरतांच पुरतें परत यावें, असा धातु तो शोधतो. वर्गांत आणि घरांत ज्यांच्या हाती दुसऱ्यांना वळण लावण्याचें काम असतें, त्यांच्या निवडीलाही हीच कसोटी लावावी असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.