अक्षर थोडं मोठं करा

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे बाबांच्या मागे आईची वारसनोंद झाली का, हे गुहागरात संगणकावरच्या सातबाऱ्यात पाहण्याचं काम माझ्याकडेच आलं! आई चौथी शिकलेली. पण पडद्यावरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसत. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. अक्षर बारीक झालं की सारंच एकमेकांत मिसळतं. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा टंक घडवला; पण आकारच लहान ठेवला तर तो तरी काय करणार? मी कंट्रोलबरोबर अधिकचं चिन्ह तीनदा दाबलं, खिडकीची तिरीप पडद्यावरून हटवली. आईने चष्मा सावरला.

"सरक जरा. माझं नाव मीच वाचते."

वाचलं. चुलत्यांच्या खाली, तिसऱ्या ओळीत होतं.