डरहॅममधलं भाडं

रविवार. घराचा करार संपत आलाय. नव्या करारात भाडं बरंच वाढलंय. कारण लिहिलेलं नाही, लिहावं लागतही नाही. नॉर्थ कॅरोलायनात शहरांनी भाड्यावर नियंत्रण आणायला १९८७ पासून राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे.

त्याच वर्षी इथला अमेरिकन टोबॅकोचा कारखाना बंद पडला. आता त्या लाल विटांच्या इमारतींत ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत. 'लकी स्ट्राइक' लिहिलेलं धुरांडं मात्र कौतुकाने जपलंय. कामगारांच्या वस्त्यांना ते भाग्य लाभलं नाही. हेटाय ही कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती, तिची स्वतःची दुकानं, चर्चेस, व्यवसाय. साठच्या दशकापासून 'नगर नूतनीकरणा'च्या नावाखाली ती पाडली आणि तिच्यातून हायवे नेला. नूतनीकरण कुणाचं, हे विचारायची सोय तेव्हाही नव्हती.

मुंबईत उपकरप्राप्त चाळ पाडली, तर जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागेचा हक्क असतो. (निदान कागदावर!) इथे तेवढंही नाही. २०१९ मध्ये डरहॅमकरांनी परवडणाऱ्या घरांसाठी साडेनऊ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मत दिलं, हे मात्र मानलं पाहिजे.

आणि भाडं वाढतं ते आमच्यासारख्यांमुळेही. रिसर्च ट्रँगलमधल्या नोकरीसाठी पुण्याहून आलेले आम्ही दिवाळीच्या फराळाला भाड्याच्या नावाने बोटं मोडतो आणि निमूट सही करतो. मीही करणार. खालच्या मजल्यावरच्या आजींना ते परवडत नाही. त्या महिनाअखेरीस मुलीकडे जॉर्जियाला राहायला जाताहेत.