हेन्री हेड यांचा डावा हात

माझ्या उजव्या हातावर एका इंग्रज डॉक्टरचं ऋण आहे. सर हेन्री हेड त्यांचं नाव. ते १९४० साली वारले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी आयुष्यातल्या एका अवघड वर्षात मला धीर दिला तो त्यांनीच.

लोणच्याची बरणी हातात फुटली आणि काच मनगटात घुसली. तिथली मोठी नस, डॉक्टरांच्या भाषेत मीडियन नर्व्ह, तुटली. सर्जननी ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडली. जखम भरली, टाके निघाले, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. पर्समध्ये हात घातला की किल्ली कोणती आणि नाणं कोणतं, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. एकदा तव्याला बोट लागलं, ते फोड दिसला तेव्हा समजलं.

नस जोडली म्हणजे ती लगेच चालू होत नाही, हे मला फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं. ऑगस्टस वॉलर या लंडनच्या डॉक्टरांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेतल्या नसा कापून दाखवून दिलं होतं, की मूळ पेशीपासून तुटलेला पुढचा तंतू झडून जातो. मग तंतूला वेढणाऱ्या श्वान पेशी तिथला कचरा काढायला मदत करतात आणि नव्या तंतूसाठी वाट तयार ठेवतात. वरच्या टोकाला फुटलेला कोंब त्या वाटेनं दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जायला त्याला कित्येक महिने लागतात.

ते महिने मी काढले. पण संवेदना परतू लागली ती भलत्याच रूपात. कापसाचा बोळा लागला तरी झिणझिण्या यायच्या. स्पर्श बोटाला व्हायचा आणि जाणवायचा तळहातात. थंड भांडं धरलं की अंगावर काटा यायचा. घरातले म्हणू लागले, जोडणी चुकली असणार. मलाही तसंच वाटत होतं. "ताई, घाबरू नका. हे सगळं एका डॉक्टरनं स्वतःच्या हातावर करून लिहून ठेवलंय," फिजिओ ताई म्हणाल्या, आणि त्यांनी मला हेड यांची हकीकत सांगितली.

हेड लंडनमध्ये नसा तुटलेले रुग्ण तपासत. दमलेला, दुखावलेला माणूस आपल्याला नेमकं काय जाणवतं ते सांगू शकत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणून एप्रिल १९०३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या डाव्या हातातल्या त्वचेच्या दोन नसा सर्जनकडून कापून घेतल्या आणि रेशमी धाग्यानं पुन्हा जोडून घेतल्या. हात धडधाकट होता, कापायची काही गरज नव्हती. त्यानंतर १९०७ पर्यंत ते सुट्टीच्या दिवशी केंब्रिजला, सेंट जॉन्स कॉलेजात, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राच्या खोलीवर जात राहिले. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स कापूस, सुई, बर्फ, गरम नळी त्यांच्या हाताला लावत आणि उत्तर टिपून घेत. कुठे काय परतलं याचे नकाशे हातावर काढले जात.

हेड यांना दिसलं ते असं: आधी परतते ती ओबडधोबड संवेदना. ती जागा चुकवते, नको इतकी तीव्र असते. हलका स्पर्श, नेमकी जागा, कोमट आणि गार यांतला फरक हे पुष्कळ उशिरा येतं. हे निष्कर्ष १९०८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात छापून आले. या दोन टप्प्यांवरून त्यांनी दोन वेगळ्या मज्जासंस्थांचा सिद्धांत मांडला. तो टिकला नाही. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस यांनी आपल्याच नसा कापून घेऊन लगेच १९०९ मध्ये त्याला आव्हान दिलं. पण परतणारी संवेदना सुरुवातीला विचित्र आणि त्रासदायक असते, ही नोंद आजही खरी आहे. माझ्या बोटांनी तिची खात्री करून दिली.

त्या दिवसापासून झिणझिण्यांची भीती गेली. ताई म्हणत, "डोळे मिटा, कुठे लागलं ते सांगा," आणि मी हेड यांच्यासारखं नेमकं सांगायचा प्रयत्न करू लागले. तांदळाच्या परातीत लपवलेलं बटण शोधणं, मखमल आणि गोणपाट ओळखणं, हा रोजचा अभ्यास झाला. आज किल्ली आणि नाणं मी न बघता ओळखते. बोटाच्या अगदी टोकाला थोडा बधिरपणा उरला आहे, तो बहुधा राहीलच.

औषधं आणि सूक्ष्म शस्त्रक्रिया यांचे उपकार सगळ्यांना दिसतात. स्वतःचं दुखणं न वाढवता, न लपवता, जसं आहे तसं सांगणाऱ्या माणसाचे उपकार मात्र सहज लक्षात येत नाहीत. ज्यांची नस तुटली आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वेळ न दवडता हाताच्या सर्जनकडे जा, बधिर बोटांना चटक्यापासून जपा, फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडू नका, आणि काय जाणवतं ते खरं खरं सांगा. हेड यांचं ऋण आपल्याला एवढंच फेडता येईल.