हातची गाडी

लहानपणी मी ज्वारीच्या ताटांची गाडी केली होती. वडिलांनी साताऱ्याच्या बाजारातून पत्र्याची मोटार आणली आणि आईने ताटांची गाडी चुलीत घातली. मोटार झकास होती; तरी मी रडलो. घरात कुणाला त्याचे कारण उमगले नाही.

२०२१ साली ते रडणे पुन्हा आठवले. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव; त्यांच्या जन्मी, १९१३ साली, ते सातारा जिल्ह्यात होते. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप घडवली. खर्च साठेक हजार रुपये, आणि किक मारली की सुरू! आनंद महिंद्रांनी ती पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही, म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. गृहस्थाचा पाय मात्र प्रथम अडखळला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली.

लोक म्हणाले, "नशीब काढलेन हो!" काढलेच. पण बोलेरोची किल्ली हाती घेताना त्याचे डोळे कुठे वळले असतील, हे मला विचारा. बरे एवढेच, की त्याची गाडी चुलीत गेली नाही.