दिले, मिळाले

काका तुरुंगात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून सुटले. 'निवृत्त झालो' असं ते कधी म्हणायचे नाहीत. "छत्तीस वर्षांनी सुटलो," म्हणायचे. येरवड्यातली आमची गल्ली मात्र त्यांना जेलरकाका म्हणे.

मी उदगीरहून पुण्यात शिकायला आलो तो त्यांच्याकडे कॉट बेसिसवर. बाहेरच्या खोलीत तीन कॉट, महिना सहाशे रुपये. हिशेब काकूंकडे. पैसे दिले की ज्यानं त्यानं वहीत आपल्या हातानं 'दिले' लिहायचं, काकू त्यापुढं 'मिळाले' लिहून तारीख टाकत. दुसऱ्या वर्षी आमचं सोयाबीन काढणीच्या पावसात गेलं आणि वडिलांची मनिऑर्डर थांबली. मी बोचकं बांधायला घेतलं, तेव्हा काका दारात येऊन म्हणाले, "वही माझ्याकडं दे. आन् काकूला बोलू नको." पुढचे सात महिने माझ्या नावापुढचं 'दिले' तेच लिहीत. त्यांच्या एटीएमवरच्या रात्रपाळ्या तेवढ्यात वाढल्या, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो.

नोकरी लागल्यावर बेचाळीसशे रुपये पाकिटात घालून त्यांच्यापुढं धरले. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "त्यापरीस शिनेमा दाखव."

हा जुलै २००८. त्यांना काय आवडेल हे विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा हीथ लेजरनं झपाटलेला होतो. तो जानेवारीत अठ्ठाविसाव्या वर्षी गेला होता, आणि त्याचा जोकर आता पडद्यावर येत होता. फेडायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या आवडीचा सिनेमा निवडला. बंडगार्डन रस्त्यावरच्या मल्टिप्लेक्समध्ये, भिजलेली छत्री पायाशी ठेवून, काकांनी अडीच तासांचा 'द डार्क नाइट' इंग्रजीत पाहिला. मी कानात कुजबुजत होतो. थोड्या वेळानं त्यांनी खूण केली, राहू दे, कळतंय.

खरंच कळत होतं. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन जोकरला बदडतो तेव्हा ते खुर्चीत चुळबुळले. "मारून बोलतं करता येतंय. खरं न्हाई बोलत," असं पुटपुटले. आणि पळवून ठेवलेल्या दोघांचे जोकरनं दिलेले पत्ते उलटे निघाले. मैत्रीण रेचेलला वाचवायला गेलेल्या बॅटमॅनला सरकारी वकील हार्वी डेंट सापडला, रेचेल स्फोटात गेली. पुढच्या रांगेतली पोरं सुन्न झाली होती. काका नाही.

मग त्या दोन बोटी आल्या. एकीत साधे शहरवासी, दुसरीत नारिंगी कपड्यांतले कैदी. दोन्ही बोटींत स्फोटकं, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर जोकर दोन्ही उडवणार. सभ्य माणसं चिठ्ठ्या टाकून मतदान करतात आणि उडवण्याच्या बाजूनं बहुमत होतं; पण दाबायची वेळ येते तेव्हा एकाचाही हात होत नाही. कैद्यांच्या बोटीत एक आडदांड, डोळ्याला जखमेचा व्रण असलेला माणूस अधिकाऱ्यापुढं उभा राहतो. ते माझ्याकडं द्या, दहा मिनिटांपूर्वी तुम्ही करायला हवं होतं ते मी करतो, अशा अर्थाचं बोलतो. अधिकारी बटण त्याच्या हातात देतो. तो ते खिडकीबाहेर फेकतो आणि जाऊन बसतो.

थिएटरात टाळ्या पडल्या. काका माझ्या दंडाला धरून होते.

बाहेर पाऊस थांबला नव्हता. आडोशाला चहा घेताना मी शेवटाबद्दल तावातावानं बोलत होतो. डेंटनं केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो, पोलीसप्रमुख गॉर्डन ते जगाला खरं म्हणून सांगतो, ह्याला काय अर्थ आहे? काकांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "वही जुळली पायजे. सरकारात आसंच आसतंय." मग कप खाली ठेवून म्हणाले, "त्या सायबाकडं कुणी बगितलंच न्हाई. बटण दिलं की त्यानं."

"घाबरला म्हणून दिलं, काका."

"मी बी घाबरलो हुतो."

आणि त्यांनी पटाशीची गोष्ट सांगितली. तुरुंगातल्या सुतारकामाच्या शेडवर त्यांची ड्यूटी होती. संध्याकाळी हत्यारं मोजून घ्यायची, मग सही. त्या दिवशी घरून मुलगा आजारी असल्याचा निरोप होता, म्हणून घाईत त्यांनी आधी सही ठोकली आणि नंतर मोजलं. एक पटाशी कमी. बोंब मारावी तर नोकरी जाते, न मारावी तर रात्री बराकीत कुणाचा तरी जीव जातो. जन्मठेपेचा एक कैदी झाडलोट करत मागं राहिला होता. त्यानं यांच्या तोंडाकडं पाहिलं, भुशाच्या ढिगात हात घातला आणि पटाशी काढून टेबलावर ठेवली. "सायेब, मोजा परत," एवढंच म्हणाला.

"लपवली कुणी होती?"

"इचारलं न्हाई." बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्यानंच आसंल."

मी तो सिनेमा नंतर पाचसात वेळा पाहिला. लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं तेव्हाही पाहिला. आता जोकरकडं माझं लक्ष फारसं राहत नाही. त्या प्रसंगात मी कैद्याकडंही बघत नाही, मागं घामाघूम उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडं बघतो.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दहाव्यानंतर काकूंना भेटायला गेलो तेव्हा ते जुनं पाकीट पुन्हा बरोबर नेलं होतं, आणि या वेळी सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं. उठून कपाटातून वही आणली आणि माझं पान उघडून पुढं केलं.

"तू 'दिले' नीट लिहायचास. ही सात बघ."

सातही ठिकाणी 'दीले' होतं. काकांची ती कायमची दुसरी वेलांटी. आणि प्रत्येकापुढं काकूंच्या अक्षरात 'मिळाले', तारखेसकट.

पाकीट त्यांनी माझ्याच खिशात परत कोंबलं. चहा टाकायला उठता उठता म्हणाल्या, "तुम्ही दोघं कुठला रे सिनेमा बघून आला होतात? दोन दिवस घरात धड बोलले नव्हते."

मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि सांगायला लागलो, "काकू, दोन बोटी असतात..."