मित्राचे कर्ज, मित्राची रेल्वे

१/ निजामाच्या रेल्वेविषयी आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’; कोणी म्हणतो, ‘निजामाने रेल्वे बांधली’. पदव्युत्तर अभ्यासासाठी हा विषय घेतल्यावर मला तिसराच प्रश्न सतावू लागला. पैसा कोणाचा आणि अटी कोणाच्या? आजचा धागा त्यावर.

२/ आरंभ माझ्या जिल्ह्यापासून करते. निजाम हा इंग्रजांचा तहाने बांधलेला ‘मित्र’. या मैत्रीतच त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिन्जंट फौज पोसायची होती. तिचा खर्च थकला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेले. माझे बेंबळी ज्या मुलखात आहे, तो मुलूख मित्राच्या देण्यापोटी असा तारण पडला होता.

३/ १८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. दिवाण सालारजंग यांच्या पुढच्या राजकारणात ही सल कायम राहिली. रेल्वेचा व्यवहार याच पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

४/ मुंबईहून निघालेला जी.आय.पी.चा मार्ग सोलापूर, वाडीवरून १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाशी जुळला. सिकंदराबादच्या छावणीसाठी इंग्रजांना वाडीपासून फाटा हवा होता. १८७० च्या कराराने भांडवल निजामाने पुरवायचे आणि बांधणी व कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली, असे ठरले. ऑक्टोबर १८७४ मध्ये हा मार्ग सुरू झाला.

५/ पुढील विस्तारासाठी भांडवल हवे होते. लंडनचा बाजार त्यासाठी खुला होता, पण संस्थानाला तेथे स्वतंत्रपणे जाण्याची मुभा नव्हती. कलकत्त्याच्या सरकारची संमती लागे. वाटाघाटी चालू असतानाच फेब्रुवारी १८८३ मध्ये सालारजंग वारले. वर्षअखेर करार झाला आणि रेल्वे लंडनच्या कंपनीकडे गेली. तिचे नाव, ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’.

६/ या नावातील ‘गॅरंटीड’ शब्दावर थांबा. भागधारकांना वीस वर्षे दरसाल पाच टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट निजामाच्या खजिन्याने भरायची. देणे पौंडांत, वसुली रुपयांत. १८७० च्या दशकाच्या आरंभी रुपया दोन शिलिंगांच्या जवळ होता. १८९० च्या दशकाच्या मध्यास तो सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरला. करारातील एक अक्षरही न बदलता ओझे वाढत गेले.

७/ तो खजिना भरत होता मुख्यतः शेतसाऱ्यातून. त्यात मराठवाड्याचा शेतकरी होता. त्याने गाडी पाहिलीही नसेल. तिच्या तुटीत मात्र त्याचा वाटा होता. ‘निजामाने बांधली’ हे वाक्य मला येथे अपुरे वाटते.

८/ याविरुद्ध कोणी बोलले नाही असे नाही. १८८३ मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर) मार्गाच्या योजनेवरून हैदराबादेत चळवळ झाली. या व्यवहाराची चर्चा लोकांत व्हावी, असा तिचा आग्रह होता. तिच्यातील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. सरोजिनी नायडू यांचे हे वडील.

९/ शंका निराधार नव्हत्या. या वाटाघाटींतले मध्यस्थ अब्दुल हक १८८८ मध्ये खाणींच्या सवलतीच्या व्यवहारात अडकले आणि पदावरून गेले. त्या प्रकरणाची चौकशी ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे झाली.

१०/ ‘मित्रांमधली’ अशी ओढाताण केवळ दख्खनची नव्हे. १९०७ मध्ये चीनने मांचुरियातील फाकुमेन मार्गाचे काम एका ब्रिटिश कंपनीला दिले. जपानने हरकत घेतली, कारण तो मार्ग त्याच्या रेल्वेला समांतर जाणार होता. जपान ब्रिटनचा १९०२ पासूनचा मित्र. म्हणून लंडनने आपल्याच कंपनीची पाठराखण केली नाही. बलवान मित्राचा शब्द असा चालतो. निजामाला तर १९१८ मध्ये ‘विश्वासू मित्र’ असा किताबच मिळाला. वऱ्हाड मिळाले नाही.

११/ आणि रूळ कोठे गेले? १८८९ पर्यंत वरंगळ, सिंगरेणीचा कोळसा आणि बेझवाडा. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आली बार्शी लाइट रेल्वे, तीही लंडनच्या कंपनीची. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १८९७ मध्ये बार्शीला आणि निजामाची हद्द ओलांडून १९११ मध्ये लातूरला पोहोचली.

१२/ निजाम सरकारने आपली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली ती १९३० मध्ये. जिच्या हमीचा भार इतकी वर्षे वाहिला, तिच्यासाठी पुन्हा किंमत मोजून.

१३/ बेंबळीहून गाडी धरायची तर आजही धाराशिव गाठावे लागते. त्यामुळे रेल्वेची मागणी मला परकी नाही. पण जुन्या करारांनी एक सवय लावली आहे: नव्या मार्गाची बातमी आली की स्थानकांच्या यादीआधी मी पाहते, तूट आली तर ती कोण भरणार. १८८३ मध्ये हेच विचारणाऱ्याला हद्दपार केले गेले. आपल्याला तशी भीती नाही. मग विचारायला काय हरकत आहे?

तुमच्या गावाजवळचा मार्ग कोणाच्या पैशाने झाला? ठाऊक असेल तर खाली लिहा.